गवताची बाग

२०२४ च्या गणेशोत्सवात आमचे व्याही पुण्याहून सपत्नीक आले होते. मुलीच्या लग्नानंतर इंदूरला येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. राजवाडा पाहून झाला, सराफ्यातील रात्रीचे खाणे झाले, खजरान्याच्या गणपतीचे दर्शन झाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते आमच्या मागच्या अंगणात गेले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग अत्यंत सौजन्याने, आवाज खाली आणून त्यांनी मला विचारले, "माळी सोडून गेला का हो?"

त्यांचा काही दोष नव्हता. भाद्रपदात आमचे अंगण पाहणाऱ्याला दुसरे काही वाटणे कठीणच. कुठे गुडघाभर, कुठे छातीएवढे, तर एका कोपऱ्यात माणसाच्या डोक्यावर गेलेले असे गवतच गवत. मी त्यांना सांगितले की हे आपोआप वाढलेले नाही; मी ते जागा आखून, वाफे करून, काही तर पैसे देऊन लावले आहे. यावर त्यांनी चहाचा आणखी एक घोट घेतला आणि विषय बदलला. व्याही म्हणून ते किती समजूतदार आहेत, हे मला त्या क्षणी कळले.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात हाच प्रश्न येणार, म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो.

आमचे घराणे पणजोबांच्या वेळी, होळकरशाहीत, इंदुरास आले. वाडा पुढे वाटण्यांत विभागला गेला आणि आमच्या वाट्याला तीन खोल्या व चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद असे अंगण आले. वडिलांना गुलाबांचे वेड. त्यांच्या हयातीत त्या अंगणात गुलाबांच्या दोन रांगा, मधोमध तुळशीवृंदावन आणि न्हाणीच्या पाण्यावर पोसलेले वाळ्याचे एक ठोंब होते. २००९ साली वडील गेले. गुलाब त्यांच्यामागे मी पुढे चालवीत होतो. पण पुढे माझी बदली शहरापासून ऐंशी किलोमीटरवरील एका गावी मुख्याध्यापक म्हणून झाली. (सरकारी कागदावर आमचे पद 'प्रधानाध्यापक' असे असते, गावकऱ्यांच्या तोंडी मात्र मी 'बड़े मास्साब'.) सोमवारी पहाटेच्या बसने जावे, शनिवारी रात्री परत यावे. गुलाब हे काही रविवारच्या मशागतीवर जगणारे झाड नव्हे. तीन वर्षांत एकेक करून सारे गेले.

त्यानंतर मी हिरवळ लावून पाहिली. चौकोनी तुकडे आणून अंथरायचे आणि दुसऱ्या दिवशी बंगल्यासारखी शोभा, असा तो प्रकार. पण त्या शोभेला उन्हाळ्यात रोज पाणी हवे. इंदूरकरांना पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. १९७८ साली नर्मदेचे पाणी जलूदहून सत्तर किलोमीटरांची वाट आणि विंध्याद्रीचा चढ चढून या शहरात आले. त्याआधीच्या टंचाईच्या गोष्टी आमच्या पिढीने घरोघर ऐकलेल्या. ते पाणी पायपुसण्यावर ओतावे, तसे हिरवळीवर ओतायला माझा हात धजेना. मे महिन्यात ती पिवळी पडली आणि जूनमध्ये तिच्या जागी नागरमोथा उगवला.

गवताचा विचार मनात आला तो शाळेच्या आवारात. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडण्यापूर्वी आम्हांला चार दिवस आधी हजर व्हावे लागते. त्या वर्षी विद्यार्थ्यांनी वृक्षारोपण सप्ताहात लावलेली रोपे तर सोडाच, कडुनिंबाच्या कोवळ्या फांद्याही वाळल्या होत्या. कुंपणालगतचे रानगवत गुरांनी मुळापर्यंत खाल्लेले, त्यावर कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला. पहिला पाऊस पडला आणि आठवडाभरात त्या काळ्या राखेतून हिरवे कोंब वर आले. झाडाचा वाढीचा डोळा शेंड्याला असतो. गवताचा तो बुडाशी, जमिनीला लागून असतो. म्हणून वरून कापा, चारा, जाळा, बूड शाबूत आहे तोवर ते मरत नाही. शाळेत ही गोष्ट मुलांना सांगणारा मी, तिचा स्वतःच्या अंगणाशी काही संबंध आहे हे मला पन्नाशी उलटेपर्यंत सुचले नव्हते.

आमच्या भागात खुरपणीला येणाऱ्या माळीबुवांना मी हा बेत सांगितला, तेव्हा ते हातातील खुरपे थांबवून म्हणाले, "मास्साब, ज़िंदगी भर लोगों ने मुझे घास निकालने के पैसे दिए हैं। लगाने के आप पहले हो।" आणि तरी त्यांनी पैसे घेतले.

गवत निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती त्याचा स्वभाव. काही गवते एका जागी ठोंब धरून बसतात. वर्षावर्षाला ठोंब जाड होते, पण जागा सोडत नाही. वाळा, गवती चहा, रोशा ही त्या जातीची. दुसरी जमिनीवरून किंवा जमिनीखालून धाव घेतात. पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडीत जातात. हरळी ही त्यांची राणी. लहान अंगणात ठोंबाची गवते लावावीत, धावणारी लावायचीच तर भिंती घातलेल्या जागेत. रोपवाटिकेत विकणारा सांगेल त्यावर विश्वास ठेवू नये. कुंडी आडवी करून रोप हलकेच बाहेर ओढावे. कुंडीच्या कडेने पांढरे जाड धागे गोल फिरलेले दिसले आणि त्यांवर कोंबांची टोके असली, तर ते धावणारे आहे असे समजावे. दुसरी खूण देठाची. देठ बोटांत फिरवून पाहावा. गोल, पोकळ आणि पेऱ्यांचा असेल तर गवत. तिधारी आणि भरीव लागला तर ते लव्हाळ्याच्या, म्हणजे नागरमोथ्याच्या कुळातले. दिसायला तीही सुरेख असतात, पाण्याच्या हौदाकाठी शोभतात. पण त्यांच्या गाठी एकदा जमिनीत गेल्या की नातवंडांनाही त्या खणाव्या लागतील.

उंचीचे म्हणाल तर रोपवाटिकेत वीतभर दिसणारे गवत दोन वर्षांत काय रूप घेईल, हे विचारून घ्यावे. आणि पूर्ण वाढीला ते जेवढे उंच होईल, निदान तेवढे अंतर दोन ठोंबांत ठेवावे. पहिल्या वर्षी अंगण रिकामे, बोडके दिसते. त्या रिकामेपणाला घाबरून मी दाट लावण केली आणि दुसऱ्या वर्षी निम्मी उपटली. सावलीत बहुतेक गवते लोळतात आणि तुरा धरत नाहीत. त्यांना ऊन हवे, भरपूर हवे, आणि खत जवळजवळ नको. शेणखताची पाटी पाहून गवत माजते, लांबते आणि पहिल्या वाऱ्यात आडवे होते. कडक शिस्तीत आणि थोडक्यात वाढवलेली गवते ताठ उभी राहतात. मी शाळामास्तर आहे म्हणून हे म्हणतो, असे कुणी समजू नये.

मी सुरुवात केली ती पंपास गवतापासून. दक्षिण अमेरिकेतील गवताळ मैदानांचे हे रहिवासी. त्याचे पांढरे, कोंबड्याच्या शेपटीसारखे डौलदार तुरे हल्ली लग्नमंडपांतून वाळवून मांडतात. एका लग्नात ते पाहून मी भारावून गेलो आणि दोन रोपे आणून थेट वाफ्यात लावली. आमची माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. श्रावणात दोन्ही ठोंबांची मुळे कुजली. मग शहाणा होऊन मी वाफे फूटभर उंच केले, मातीत मुरूम आणि जाड रेती मिसळली. पंपास पुन्हा आणले नाही. न्यूझीलंडमध्ये आणि कॅलिफोर्नियात त्याने रानोमाळ पसरून लोकांना जेरीस आणले आहे, हे पुढे वाचनात आले आणि माझ्या नुकसानीचे दुःख थोडे कमी झाले.

त्या उंच वाफ्यांत २०२२ च्या पावसाळ्यात मी कारंजी गवत लावले. रोपवाटिकांत ते फाउंटन ग्रास म्हणून मिळते. बाजरीच्या कुळातले. बारीक, लवती पाती आणि त्यांतून चहूकडे उसळणारे, मांजराच्या शेपटीसारखे मऊ तुरे. चोवीस रोपे हिरव्या पात्यांची, सहा गर्द जांभळट तांबड्या पात्यांची. आश्विनात ती बहरली तेव्हा मी शनिवारी रात्री घरी आल्यावर जेवणाआधी दिवा घेऊन अंगणात जात असे. संध्याकाळच्या उन्हात ते तुरे आतून पेटल्यासारखे दिसत, असे सौ. सांगे, मला ते फक्त रविवारी पाहायला मिळे. आयुष्यात प्रथमच मी लावलेली एखादी गोष्ट माझ्या गैरहजेरीत वाढत होती.

आता आईविषयी सांगायला हवे.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिचे माहेर खानदेशात, रावेरजवळच्या एका खेड्यातले, शेतकरी घर. लग्न होऊन इंदूरला आली तेव्हा वीस वर्षांची होती, आणि तोवरचे आयुष्य तिने काळ्या रानात हरळी आणि कुंदा खणण्यात घालवले होते. गवत या शब्दाला तिच्या लेखी एकच क्रियापद होते: काढणे. अपवाद फक्त दूर्वांचा. आणि गंमत अशी की शेतातली हरळी आणि देवाची दूर्वा ही एकच वनस्पती. आईला हे अर्थातच माहीत आहे. पण ती दोन्ही नावे कधी एकमेकांत मिसळत नाही. बांधाच्या आत आली की हरळी, वृंदावनाच्या कडेला असली की दूर्वा. तिथली दूर्वा ती स्वतः निगुतीने राखते, चतुर्थीला पाटावर बसून कोवळी तीन पानांची टोके खुडून एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधते. माझे गवत तिने मुकाट्याने लावू दिले होते. काही बोलली नव्हती.

२०२३ च्या आषाढातला शेवटचा शनिवार. शाळेची तपासणी त्याच आठवड्यात झालेली; छताच्या गळतीपासून मुलांच्या गळतीपर्यंत साऱ्याचा जाब मलाच द्यावा लागलेला. घरी पोहोचलो तेव्हा सौभाग्यवतींच्या भिशीच्या मैत्रिणी निघायच्या बेतात होत्या. मी हातपाय धुवायला मागे गेलो आणि पाहतो तो वाफे उघडे. हिरव्या कारंज्याची सारी ठोंबे उपटून, मुळांची माती झटकून, भिंतीशी नीट रचून ठेवलेली. तांबड्या पात्यांची सहा तेवढी उभी. आई पाटावर बसून खुरपे धूत होती.

मी जे बोललो ते येथे सारे लिहीत नाही. "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला? दिसत नाही तर उगीच कशाला..." इतके वाक्य मला शब्दशः आठवते, कारण ते मी अर्धवट सोडले, आणि अर्धवट सोडलेली वाक्येच मागे राहतात. तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. दारात चपला घालणाऱ्या बायका थबकल्या. आईने खुरपे पदराला पुसले, खुंटीला अडकवले आणि आत गेली. जेवताना तिने मला नेहमीसारखे दोनदा वाढले. त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात पाऊल टाकीनाशी झाली. वृंदावनाला पाणी सौ. घालू लागली.

पुढच्या संकष्टीला दूर्वा बाजारातून आल्या. रबरबँड लावलेली, पाण्यात भिजवून सुजलेली जुडी. त्यापुढच्या संकष्टीलाही बाजारातूनच.

रिकाम्या वाफ्याकडे पाहवेना, म्हणून मी शाळेच्या गावच्या नाल्यातून काशाचे एक ठोंब खणून आणले. काश ऊर्फ कांस. शरद ऋतूच्या वर्णनात कालिदासाने 'ऋतुसंहारा'त ज्याचे वस्त्र शरदेला नेसविले ते हेच; आणि काशाचे पांढरे तुरे म्हणजे वर्षा ऋतूचे म्हातारपण, अशी कल्पना तुलसीदासांनी केली तीही यावरूनच. उज्जैनच्या वाटेवर क्षिप्रेकाठी आश्विनात आजही ते दिसते. पण कवींना जे वस्त्र वाटले ते शेतकऱ्याला कफन वाटत आले आहे. काशाचे मूळ जमिनीत खोल आडवे पसरते आणि बैलाच्या नांगराला दाद देत नाही. स्वातंत्र्यानंतर मध्य भारत, भोपाळ या भागांत काशाने गिळलेली जमीन इतकी होती, की ती ट्रॅक्टरने खोल नांगरून सोडविण्यासाठी भारत सरकारने १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज घेतले. बँकेने आपल्या देशाला दिलेले ते दुसरे कर्ज. पहिले रेल्वेसाठी होते, दुसरे गवतासाठी! आणि याच काशाचे दुसरे रूप पाहा. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड उसाचा या रानटी काशाशी संकर केला आणि त्यातून १९१८ साली 'को २०५' ही जात शेतकऱ्यांच्या हाती आली. उत्तर हिंदुस्थानच्या थंडीत आणि कोरडीत टिकणारा ऊस तेथून सुरू झाला. ज्या गवताला जमिनीतून घालवायला कर्ज काढले, त्याचे रक्त आपल्या चहाच्या साखरेत आहे.

अर्थात हे ज्ञान हाताशी असूनही मी काश मोकळ्या मातीत लावला नाही. लोखंडी पिंपाचे बूड कापून ते दोन फूट जमिनीत पुरले, काठ चार बोटे वर ठेवला आणि त्यात ठोंब लावले. ज्यांना काश लावायचा असेल त्यांनी एवढे करावेच, आणि तुरे पिकून उडू लागण्यापूर्वी कापून घ्यावेत. खिडकीपाशी उभी राहून आई ते पिंप पुरताना पाहत होती, असे सौ.ने मला नंतर सांगितले.

भाद्रपद लागला. पिठोरी अमावास्या झाली. (आमच्या हिंदी शेजाऱ्यांची ती भादव्यातली कुशग्रहणी, आपली श्रावणातली पिठोरी, चंद्र एक, महिने दोन. परप्रांतातल्या मराठी माणसाला याची सवय झालेली असते.) त्यानंतरच्या रविवारी मी गणपतीच्या तयारीसाठी वृंदावन घासायला घेतले. वृंदावनाच्या चिरेत, जेथे आईने कधी काडी उगवू दिली नव्हती, तेथे बारीक पात्यांचा एक झुपका होता. मी तो उपटला आणि हातात धरून बराच वेळ पाहत राहिलो. मग खाली वाकून शोधू लागलो. फरशीच्या सांध्यांत, न्हाणीच्या मोरीपाशी, भिंतीच्या पायथ्याशी. पलीकडे शेजाऱ्यांच्या नव्या फरशीच्या भेगांत तर रांगच. सगळीकडे कारंजी गवत. ओळखायला वेळ लागला नाही. मीच ते पाळले होते. मागल्या आश्विनात दिव्याच्या उजेडात मी ज्या तुऱ्यांवरून हात फिरवीत असे, त्यांतून हे बी उडाले होते.

शेजाऱ्यांची परवानगी काढून मी दुपारपर्यंत गुडघ्यांवर बसून त्यांच्या फरशीतली रोपे उपटली. नंतर या गवताविषयी वाचले. मूळचे आफ्रिका आणि अरबस्तानाकडचे. हवाई बेटांत आणि अमेरिकेच्या अॅरिझोनात ते बागांतून निसटून रानात शिरले, वाळल्यावर वणवे वाढवू लागले. युरोपीय संघाने २०१७ साली त्याला उपद्रवी परकीय वनस्पतींच्या यादीत घालून त्याची विक्री व लागवड बंद केली. आपल्या रोपवाटिकांत ते सर्रास मिळते. हे सारे मी लावण्याआधी वाचायला हवे होते.

चार वाजता मी आईच्या खोलीत गेलो. क्षमा मागण्याचे शब्द बसमध्ये जुळवता येतात, आईसमोर येत नाहीत. मी म्हणालो, "आई, वाळ्याचं ठोंब फार जुनं झालंय. पाऊस सरायच्या आत फोडून लावायला हवं. कसं फोडतात?"

ती वाती वळत होती. वर न पाहता म्हणाली, "मुख्याध्यापकांना येत नाही होय?"

"नाही येत."

तिने वातीचे तबक बाजूला ठेवले आणि भिंतीचा आधार घेऊन उठली. दोन महिन्यांनी ती अंगणात आली, खुंटीवरचे खुरपे काढले, त्याला चढलेला गंज अंगठ्याने चाचपला आणि पहिली गेली ती तांबड्या कारंज्यापाशी. एक तुरा ओंजळीत घेऊन चोळला, हात माझ्यापुढे केला. "बघ. पोकळ आहे. ह्याच्यात दाणाच नाही धरत. म्हणून ठेवलं होतं हे." मग भिंतीकडे बोट दाखवून, "त्या हिरव्याचं बी पडलं होतं वृंदावनात. पहिल्या पावसाबरोबर उगवलं. पानावरून ओळखलं मी."

म्हणजे तिला दिसत होते. चोवीस काढली आणि सहा ठेवली ती पाहून, चोळून, पारखून. तांबडी तिच्या नजरेतून निसटली असा माझा समज होता.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू बोलत होतास ना, बाळू," ती म्हणाली, आणि वाळ्यापाशी जाऊन बसली.

वाळा कसा फोडावा हे आता मी अधिकाराने सांगू शकतो. ठोंब एका बाजूने कुदळीने सैल करावे. सबंध उपटण्याच्या भरीस पडू नये, कारण त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, जुन्या ठोंबाची तर दोन-तीन मीटर. बुडाशी खुरप्याने चिरून तीन-तीन, चार-चार काड्यांचे फुटवे मुळांसकट सोडवावेत. पाती वीतभर ठेवून वरून छाटावीत, मुळे चार बोटे ठेवावीत. वीतवीत अंतरावर एका ओळीत लावून पायाने माती दाबावी. ओळ मिटली की दोन वर्षांत जिवंत भिंत उभी राहते. पाणी त्यातून झिरपते, माती अलीकडेच राहते. म्हैसूरकडच्या गुंडलुपेट भागात शेतकरी बांधावर असा वाळा पिढ्यानपिढ्या लावीत आले आहेत, आणि १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने याच एका गवतावर अख्खे पुस्तक काढून जगाला त्याची ओळख करून दिली. आमच्या अंगणाचा उतार मोरीकडे आहे. दर पावसाळ्यात वाफ्यातली माती वाहून जाई. ती आता जात नाही. कापलेल्या मुळ्या आईने धुऊन सावलीत वाळवल्या. उन्हाळ्यात माठात त्यांची पुरचुंडी असते, वडिलांच्या वेळेसारखी.

हातमोजे मात्र घालावेत. गवताच्या पात्याच्या कडेला सूक्ष्म करवत असते. आई घालत नाही. तिच्या तळव्यांना त्याची गरज उरलेली नाही.

त्या वर्षी चतुर्थीच्या दूर्वा अंगणातल्या होत्या.

रिकाम्या वाफ्यात काय लावावे हे मग तिनेच सुचवले: रोशा. निमाडच्या आणि खानदेशच्या डोंगरउतारांवरचे हे गवत, पात चुरगळली की गुलाबासारखा वास येतो. त्यातही मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार. उत्तम तेल मोतियाचे. आपल्याकडचे हे तेल एके काळी मुंबईहून तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपात मग त्याला तुर्की तेल म्हणत. लहानपणी माहेरी तेलाच्या भट्ट्यांचा वास रानातून घरापर्यंत येई, असे आई सांगते. वडिलांच्या गुलाबांच्या जागी आता तो वास आहे. रोशा आश्विन-कार्तिकात तांबूस फुलोऱ्यावर येतो, सहा फुटांपर्यंत जातो, पाणी मागत नाही आणि कीड त्याच्या वाटेला जात नाही. नवशिक्याने एकच गवत लावायचे असेल तर मी याचे नाव घेईन. फुलोरा वाळू लागला की तो मात्र कापावा. बी याचेही पडते, आणि आता आमच्या घरी त्यावर लक्ष ठेवणारे माणूस आहे.

वर्षातले मोठे काम एकच, ते माघात. थंडी ओसरू लागली, पाती गवताच्या गंजीसारखी पिवळी झाली की ठोंबाला मधोमध सुतळीने आवळून बांधावे आणि जमिनीपासून चार-सहा बोटांवर विळ्याने कापावे. बांधल्याने पाचोळा विखुरत नाही, एकेक पेंढी अख्खी उचलता येते. लवकर कापले तर हिवाळ्यातली शोभा जाते. उशीर केला तर नवे कोंब कापले जातात. फोडणी-लावणी पावसाच्या तोंडावर. गवतात साप येतात ही शंका सगळे विचारतात. अडगळ, विटांचे ढीग आणि उंदीर असतील तेथे साप येतात. ठोंबांचे बूड मोकळे ठेवावे, खालचा कचरा काढीत राहावे. आमच्याकडे एकदा धामण आली होती, पण ती गॅसच्या रिकाम्या सिलिंडरामागे सापडली.

व्याह्यांचे सांगायचे राहिले. अनंत चतुर्दशीनंतर ते निघाले, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना अंगणात एकटेच बसलेले पाहिले. ऊन कलले होते. काशाला नुकते तुरे फुटले होते आणि वाऱ्याबरोबर सगळे अंगण एका बाजूला झुकून पुन्हा उभे राहत होते. त्यांनी मला काही विचारले नाही, आईला विचारले, "ह्यातलं एखादं कुंडीत येईल का हो, आमच्या गच्चीवर?"

आईने वाळ्याचे चार फुटवे काढले, ओल्या गोणपाटात गुंडाळले, वरून सुतळी बांधली आणि विहीणबाईंच्या हातात दिले.

"कुंडी नको. जुनं पिंप असेल तर त्यात लावा. आणि दोन दिवसांच्या आत लावा, तसंच ठेवू नका. हिरवं कारंजं मागाल, तर ते मी देणार नाही. ह्यालाही देत नाही." तिने माझ्याकडे पाहिले नाही.